भिंतीला लावलेली खाट

१४ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

ही डायरी एका औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिली होती. दहा महिने कपाटात कोरी पडून होती. आज उघडली, कारण आजचं वॉर्डात कुणाजवळ बोलण्यासारखं नाही.

काल सुप्याचा गेणबा गेला. मांडीचं हाड मोडून आला होता, पाच आठवडे पायाला वजन लावून उताणा पडून होता. हाड जुळत आलं होतं. पण माकडहाडावर बेडसोअर झाला. एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी आतून मरते, ती ही जखम. बघता बघता मूठ जाईल एवढी झाली, ताप चढला आणि उतरलाच नाही. डॉक्टर कानडे राउंडला सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, हा माणूस हाड मोडून आला आणि पाठ सडून गेला. ही जखम त्याने सुप्याहून आणली नव्हती."

सोळा वर्षं नोकरी झाली, पुरुष वॉर्डाची इन्चार्ज होऊन सहा, पण असं मला कुणी बोललं नव्हतं. मी गेणबाचे कागद काढून पुन्हा वाचले. रोज माझ्या अक्षरात "पाठीची निगा घेतली" असं लिहिलेलं आहे. अक्षर मोत्यासारखं, एक दिवस चुकलेला नाही. म्हणजे कागदात खोट नाही. गेणबाच्या पाठीकडे सरुबाईने लक्ष दिलं नाही. सरुबाई आमची आया. अंग पुसणं, भांडं देणं, पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर करणं ही तिची कामं. उद्या तिला चांगली फैलावर घेणार आहे.

गेणबाची सात नंबरची खाट दुपारपर्यंतसुद्धा रिकामी राहिली नाही. बावड्याचे महिपती आबा आले. वय बासष्ट. शेळ्यांना पाला तोडायला बाभळीवर चढले आणि फांदीसकट खाली आले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली नस तुटलीय, ऑपरेशन करून उपयोग नाही, जपा. कमरेखाली त्यांना चिमटा काढला तरी कळत नाही. गेणबाला निदान दुखत तरी होतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बैल गेला नि झोपा केला म्हणतील, म्हणोत. मी तक्ता केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून रकाने पाडले: वेळ, डावी कूस, पाठ, उजवी कूस, सही. दर दोन तासांनी आबांची कूस बदलायची. सरुबाई आणि वॉर्डबॉय म्हस्कू वळवतील, ड्युटीवरची सिस्टर सही करेल. सात नंबरच्या डोक्याशी तो तक्ता चिकटवला. लांबून बघितला तरी बरा दिसतो.

आबांची बायको साखरबाई खाटेखाली बसून सगळं बघत होती. काटक बाई. नवऱ्याच्या अंगाखालची चादर एकटीने अशी ओढून घेते की दोघा जणांना जमायचं नाही. मला म्हणाली, "सिस्टरबाई, ह्यो कागद कशापायी?" मी म्हटलं, आबांची पाठ शाबूत राहावी म्हणून. तिने कागदाला हात लावून कपाळाला लावला. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

सरुबाईला बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बरं बाई." हे तिचं नेहमीचंच. दगडावर पाणी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मनिषा नावाची एक फिजिओथेरपिस्ट आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून येणार. वय तेवीस. केस कापलेले, पायात बूट. आल्या आल्या तिने मला शिकवायला घेतलं.

मी आबांच्या कमरेला स्पिरिट आणि पावडर चोळत होते. सोळा वर्षं चोळतेय, आमच्या मेट्रनने तसंच शिकवलं. ही म्हणते, "सिस्टर, लाल दिसतं तिथे चोळू नका, आतली कातडी आणखी दुखावते." मग खालची हवेची रबरी रिंग काढायला लावली. रिंगच्या काठावरच भार येतो म्हणे. उशा हव्यात, पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. मी म्हटलं, उशा तुमच्या पुण्याहून आणा, आमच्याकडे खाटेला एक आहे.

आठवड्यातून दोनदा यायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या. रात्रंदिवस पेशंटचं करतो कोण? डॉक्टर कानडे मात्र तिचं ऐकून घेत होते. माझं त्यांनी इतकं कधी ऐकलं नाही.

साखरबाईने मात्र दुपारीच जुनं लुगडं फाडून त्याच्या चार पिशव्या शिवल्या. कापूस आणायला मुलाला, दादासोला, पिटाळलं. मी रिंग काढली. स्पिरिट चालू ठेवलं आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी ड्युटी आठ ते चार, भेटायची वेळ चार ते सहा. त्यामुळे पाहुणे मला फारसे दिसत नाहीत. आज निघता निघता दिसले. सात-आठ जण बावड्याहून एसटीने आलेले. पटके, काठ्या, एकाच्या हातात टोपलीभर डाळिंबं. आबांना तिकडे फार मान आहे. मेंढरं होती तेव्हा आणि आता बागा झाल्या तरी, भावकीचं भांडण असो की पाण्याच्या पाळीचं, आबा जे बोलतील ते शेवटचं.

पाहुण्यांचं बाकडं खाटेच्या उजवीकडे, मधल्या वाटेत असतं. डावीकडे भिंत. माझ्या वॉर्डात सगळ्या खाटा भिंतीला चिकटून, एका ओळीत. दोरी धरून बघावं. सरुबाईने नुकतंच आबांना चारच्या वेळेप्रमाणे डाव्या कुशीवर केलं होतं. म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पाठ पाहुण्यांकडे. जोतीराम तात्या म्हणून पंचाहत्तरीचे गृहस्थ, काठी टेकत एवढ्या लांब आलेले, आबांच्या पाठीशी बोलत होते. मला ते बरं दिसेना. मीच साखरबाईला हात दिला आणि आबांना इकडे वळवलं. माणसाला माणसाचं तोंड दिसावं. आबांचा चेहरा असा उजळला की मला घरी जाईपर्यंत प्रसन्न वाटत होतं.

जाताना तक्ता बघितला. चारच्या रकान्यात "डावी" आणि दुपारच्या सिस्टरची सही. एकही घर रिकामं नाही. डॉक्टरांना उद्या दाखवते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उजव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही.

असं होऊच कसं शकतं? मी बारा दिवसांचा तक्ता मोजला. डावी जितक्या वेळा, तितक्याच वेळा उजवी. मग डावा खुबा स्वच्छ आणि उजवाच का लाल? कुणीतरी खोटं लिहितंय. रात्रपाळीवर माझा संशय आहे. किंवा सरुबाई वळवल्यासारखं करते आणि सोडून देते. म्हस्कूला बाजूला घेऊन विचारलं, तो शपथा घ्यायला लागला.

मनिषा डाग बघून म्हणाली, "चोळत नाही ना?" मी नाही म्हटलं. सकाळीच चोळलं होतं. तेवीस वर्षांच्या मुलीपुढे मी खोटं बोलले आणि नंतर दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

कातडी फुटली.

डॉक्टर आज ओरडले नाहीत, हळू बोलले, ते जास्त लागलं. "इथे थांबली तर ठीक. हाडापर्यंत गेली तर त्यांना पुण्याला पाठवायचं आणि वाट बघायची. गेणबाचं काय झालं, तुम्हाला माहीत आहे." साखरबाई तिथेच होती. तिने विचारलं, "गेणबा कोन?" डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

माझा तोल गेला. सगळ्या वॉर्डासमोर सरुबाईला म्हटलं, "एक खाल्लास, आता दुसरा खातेस का? जरा लाज बाळग." ती बादली घेऊन उभी होती. तिने बादली खाली ठेवली.

"बाई," ती म्हणाली, "आमी वळवतो आन् सही दुसऱ्याची. तुमच्या कागदावर मला जागा न्हाय. मग माझ्यावर आळ तरी कसा घेता?"

पदराला हात पुसले आणि गेली. ड्युटी संपायला अजून तीन तास होते.

३० नोव्हेंबर, शनिवार

सरुबाई आली नाही. बदली माणूस नाही. तिचं काम मीच केलं आणि चारनंतरही थांबले.

दोन वाजता आबांना उजव्या कुशीवर केलं. चार वाजता म्हस्कूच्या मदतीने डाव्या. तक्त्यावर सही केली. मग तीन नंबरला भांडं, अकरा नंबरला उलटी, चहाचे पेले गोळा करणं. साडेचारला परत येऊन बघते तर आबा बाकड्याकडे तोंड करून उजव्या कुशीवर, आणि बाकड्यावर बावड्याची चार माणसं. परत भिंतीकडे वळवलं. पाच वाजता पुन्हा तेच. साखरबाई चादर ओढून एकटीने वळवत होती.

म्हणजे दोनपासून सहापर्यंत रोज त्याच एका खुब्यावर. आणि तक्ता दर दोन तासांनी खरं बोलत होता. सह्या करणाऱ्यांनीही खोटं लिहिलेलं नाही.

मी साखरबाईवर तुटून पडले. ती घाबरली नाही. म्हणाली, "सिस्टरबाई, सोयरी मानसं पन्नास मैलावनं येत्यात. त्येंच्याकडं पाठ करून निजायचं व्हय? काय म्हनतील, महिपतीला गर्व झाला?"

 मग आबा म्हणाले, "बाई, कंबर मेली माझी. मानूसपन न्हाय मेलं अजून. आन् त्या दिशी जोतीराम तात्या आलं तवा तुमीच न्हाय का मला वळवलं?"

 घरी आले, स्वयंपाक केला नाही.

१ डिसेंबर, रविवार

भेटायला येणाऱ्यांना सात नंबरपाशी बंदी केली. दारावर चिठ्ठी लावली. दुसरा इलाज काय? लोकांचं मन राखायचं की माणसाची कातडी?

स्पिरिटची बाटली कपाटात मागे सारली. हे कुणाला सांगितलं नाही.

४ डिसेंबर, बुधवार

बंदीचा चौथा दिवस. जखम वाढली नाही, पण आबा जेवत नाहीत. दोन दिवसांत चार घास. काल मनिषा त्यांचे हात बळकट करायला आली, खाटेवरच्या दोरीला धरून स्वतःला उचलायचा व्यायाम असतो. गेल्या शुक्रवारपर्यंत दहा वेळा उचलत होते, काल दोरीला हातसुद्धा लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी सांगायच्या आधीच.

डॉक्टर म्हणाले, अन्न पोटात गेलं नाही तर जखम भरणार कशाने? मनिषा काल जाताना म्हणाली, "त्यांना माणसं हवीत." मी म्हटलं, माणसांनीच तर घात केला. तिने मला विचारलं, "सिस्टर, चारनंतर ते वळवतात हे इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आलं असणार. पाच वाजता चहाचे पेले गोळा करायला कोण जायचं, ते आज दुपारी डबा खाताना माझ्या लक्षात आलं. डबा तसाच बंद केला.

५ डिसेंबर, गुरुवार

ड्युटी सुटल्यावर जळोचीला गेले. सरुबाईचं घर शोधायला वेळ लागला. सोळा वर्षांत तिचं घर कुठे आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला बघून उठली, सवयीने पदर सारखा केला. मग पुन्हा बसली.

मी माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं ते असं: "आबांना साखरबाई वळवते हे तुला दिसत होतं?"

"रोज दिसत हुतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमीच म्हनाला हुता, नातेवाईकांशी बोलायचं काम सिस्टरचं, आयानं मधी तोंड घालायचं न्हाय." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "आन् सांगून काय व्हतं बाई? गेणबाचं सांगितलं हुतं की. तिसऱ्याच दिशी. म्हनलं, बूड लाल दिसतंय त्येचं. तुमी लिवत हुता. मान वर न करता म्हनाला, लिहून ठेवते."

मला असं काही आठवत नाही. मी तिला तसं सांगितलं. ती वाद घालत बसली नाही, आत जाऊन चहा ठेवला. चहा घेताना माफी मागितली, आबांसाठी बोलवायला आले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आबांसाठी यीन."

आठवत नाही हे खरं आहे. पण मी दिवसभराचं एकदमच, चार वाजायच्या आत लिहिते, हेही खरं आहे. सगळ्याच सिस्टर लिहितात.

६ डिसेंबर, शुक्रवार

आजचं नीट लिहिते, कारण असं आमच्या वॉर्डात कधी झालं नव्हतं.

मनिषाने डॉक्टरांना सांगून सगळ्यांना सात नंबरपाशी गोळा केलं. डॉक्टर, ती, मी, म्हस्कू, साखरबाई आणि सरुबाई. राउंडला आया कधी उभी राहत नाही. ती दोन पावलं मागे बादलीजवळ उभी होती. मी म्हटलं, "मावशी, पुढे या." माझं मलाच ऐकायला वेगळं वाटलं.

डॉक्टर आबांना पाहुण्यांचे तोटे समजावून सांगत होते, आबा भिंतीकडे बघत ऐकत होते. सरुबाई मध्येच म्हणाली, "सायेब, आबांना कशाला वळवायचं? बाकडं वळवा की."

कुणाला कळेना. तिने हाताने दाखवलं. "खाट भितीपासनं वडून मधी घ्या. दोन्ही अंगानं वाट ठेवा. आबा ज्या कुशीवर, बाकडं त्या अंगाला."

म्हस्कू माझ्याकडे बघायला लागला, कारण माझी ओळ मोडणार होती. सहा वर्षं मी त्या ओळीसाठी माणसांना बोलून घेतलं आहे. त्याच ओळीपायी आबांना एकच बाजू उरली होती. मी म्हटलं, "ओढा." आणि स्वतः पायथ्याला हात लावला. खाट ओळीबाहेर, दात पुढे आल्यासारखी दिसते. दिसू दे.

आबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आरं, ह्ये तर आमच्याच धंद्यातलं! मेंढरं शेतात बसवली की रोज सकाळी वाघर उचलायची." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. "एकाच जाग्याला चार दिस बसवली तर खत पडायचं सोडून रान जळतं. जागा बदलावीच लागती. मला मेल्याला ह्ये कसं सुचलं न्हाय?"

"तुमी मेंढरं राखली, पाठ कुनाची राखली?" साखरबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

तक्त्यात नवा रकाना काढला, सरुबाईचा. तिला सही येत नाही. अंगठा उठवू का म्हणाली, मला ते बघवेना. शेवटी तिनेच कनवटीचं टिकल्यांचं पाकीट काढलं. दर वेळी वळवताना दोन्ही खुबे, माकडहाड आणि टाचा उघडून बघायच्या, चांगल्या असतील तर टिकली लावायची. कुठे लाल दिसलं तर लावायची नाही आणि सिस्टरला हाक मारायची. टिकली नसेल तर सिस्टरने सही करायची नाही. हे शेवटचं मी सुचवलं. आता मला रोज तिची वाट बघावी लागणार.

१० डिसेंबर, मंगळवार

पाहुणे परत सुरू झाले आहेत आणि वॉर्डात नुसती जत्रा आहे. आबा बाकड्यावरच्यांना सांगतात, "तात्या, उठा, माजी कूस बदलायची येळ झाली." मग तात्यांसकट चौघं जण बाकडं उचलून वळसा घालून पलीकडे. एकजण तर घड्याळ बघून आधीच उठून उभा राहतो. काल चार नंबरच्या पेशंटच्या पायावर बाकडं आदळलं, मी सगळ्यांना झाडलं. शिस्त म्हणून काही राहिली नाही.

पण आबा भाकरी खातात. मनिषा म्हणते, दोरीवर बारा वेळा.

जखम मात्र तशीच. रोज सकाळी पट्टी मीच सोडते. मनिषाला आज सांगून टाकलं की त्या दिवशी मी खोटं बोलले, चोळत होते. ती म्हणाली, "माहीत होतं. स्पिरिटचा वास येत होता." आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दहाच्या वेळेला टिकली नव्हती. सरुबाईने हाक मारली, डाव्या टाचेवर लाली. उशी सरकली होती. मी हातातलं लिहिणं तसंच सोडून धावले. पेन उघडं राहिलं, शाईचा डाग पडला. दुपारपर्यंत लाली उतरली.

किती सोपं होतं. मान वर करायची आणि उठायचं.

२४ डिसेंबर, मंगळवार

जखमेवर नवी कातडी धरली आहे, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आणि आजच आबांना घरी सोडलं. डॉक्टर म्हणतात, खाट हवी आहे, घरी जमेल त्यांना. मला पटलं नाही. घरी कोण बघणार? दोन्हीकडे वाट ठेवणार का? साखरबाईला किती दिवस उठवेल? तक्ता काढून दादासोच्या हातात दिला, तर साखरबाई म्हणाली, "सिस्टरबाई, मला कुठं वाचता येतंय?" सरुबाईने टिकल्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

जीप निघाली तेव्हा आबांनी हात जोडले. मी खाट परत भिंतीला लावायला सांगितली नाही. म्हस्कूने दोनदा विचारलं.

९ जानेवारी १९९७, गुरुवार

डायरी संपली, मागच्या पत्ते लिहायच्या पानांवर लिहितेय. बावड्याचं काही कळलं नाही. पापुद्रा किती नाजूक असतो ते मला माहीत आहे, एका दिवसात फाटतो. एसटी स्टँडवर पटकेवाला दिसला की बावड्याचा आहे का म्हणून बघते. विचारायचं धाडस होत नाही. 

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं आणि सरुबाईला म्हटलं, चला. इंदापूरला गाडी बदलून बावड्याला पोचायला बारा वाजले.  रस्त्यात तिने दोनदा खिडकीचा गज धरून सोडला, म्हणजे तीही घाबरली होती.

अंगणात लिंबाखाली खाट. चारी बाजूंनी मोकळी. आणि खाटेभोवती जमिनीवर बाकडं ओढल्याचे चरे, गोल, मळणीच्या खळ्यासारखे. खाटेच्या पायाला टिकल्या. लाल, हिरव्या, जांभळ्या, पायाचं लाकूड दिसेना इतक्या.

बाकड्यावर जोतीराम तात्या आणि आणखी पाच-सहा जण बसलेले, कसल्या तरी पाण्याच्या पाळीचा निवाडा चालला होता. आबा आमच्याकडे तोंड करून होते. आम्हाला बघून त्यांचे डोळे भरले. पण बोलले ते साखरबाईशी.

"साखरे, वळीव मला. बाईंकडं पाठ कर."

तात्या म्हणाले, "आरं, पाव्हनी आली हाय की!"

"म्हनूनच," आबा म्हणाले. "बाईंनु, राग मानू नगा. आज मी तुमाला पाठच दाखवनार."

साखरबाईने चादर ओढली. सगळ्या पंचांसमोर त्या माणसाने आमच्याकडे पाठ केली. सरुबाई खाली बसली आणि बोटांनी एकेक जागा चाचपत गेली, दोन्ही खुबे, माकडहाड, टाचा. उजव्या खुब्यावर गुलाबी वण, सुका, धडधाकट. बाकी कातडी साईसारखी. सरुबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा बाई. तुमी सोता बघा."

मी बघितलं. हात लावून बघितलं. आणि मला गेणबाची पाठ दिसली, कारण ती मी कधी अशी खाली वाकून बघितलीच नव्हती, शेवटचा आठवडा सोडून. मी रडले. त्यांना वाटलं, आनंदाने. आनंदानेही होतं.

परतीच्या गाडीत सरुबाईच्या मांडीवर डाळिंबांची पिशवी. इंदापूर सुटल्यावर मी तिला म्हटलं, "मावशी, तुम्ही तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. मी लिहीत होते. मला आठवतंय." ती बाहेर बघत होती. म्हणाली, "मला ठावं हाय." आणि पिशवी मांडीवर सारखी करत, "सुप्यात त्येची बायकू हाय."

पुढच्या रविवारी सुप्याला जायचं ठरलं आहे. काय बोलणार ते माहीत नाही.

मग माझ्या पिशवीतून ही डायरी काढली आणि पहिलं पान उघडलं. १४ नोव्हेंबर. गेणबाच्या पाठीकडे सरुबाईने लक्ष दिलं नाही. त्यातलं नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं, द्वारका. गाडी खड्ड्यांतून चालली होती. अक्षर फार वाकडं आलं आहे.